केसाएवढी कमान

आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर पेन हातात धरलं ते रेशनच्या दुकानात सही करायला. पहिली वेलांटी की दुसरी, ते मला अजून कळत नाही, आणि अक्षर ओळ सोडून खाली उतरतं. ही वही मी ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवणार आहे. तरी कधी कोणाच्या हाती लागली तर माझ्या चुकांना हसा, साळवीकाकांना हसू नका.

लिहायला बसले ती जावयांमुळे. दिवाळीला आले होते. पेपरात एका घड्याळाची जाहिरात होती, किंमत दोन लाखांच्या वर. जावई म्हणाले, "दोन लाख! काटे काय सोन्याचे आहेत? मोबाईलवर फुकट वेळ दिसते." सगळे हसले. मुलगी म्हणाली, "घेणारा येडाच असणार." मी चकल्यांचं ताट घेऊन दारात उभी होते. ते घड्याळ इतकं महाग का, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. पण चार माणसांत मला बोलता येत नाही. ताट ठेवलं आणि आत गेले.

साळवीकाकांचं दुकान महाडला, एसटी स्टँडपासून जवळ. दुकान म्हणजे एक फळी, त्यावर टेबल, मागे दोन माणसं उभी राहतील एवढी जागा. काका मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, एका मोठ्या दुकानात बावीस वर्षं भारी विलायती घड्याळं दुरुस्त करत होते. सेलची घड्याळं आली, तिथलं दुरुस्तीचं खातं बंद झालं, तेव्हा ते गावी परत आले. माझं माहेर पोलादपूर तालुक्यात कापड्याला, लग्न होऊन महाडला आलेली. आमचे हे औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर. काम कधी असायचं, कधी नसायचं. साळवीकाकूंच्या घरी मी भांडी घासायची. एक दिवस काकू म्हणाल्या, "हिचा हात बघा हो. काचेचं भांडं एक फुटलं नाय आजवर." दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात. आधी झाडलोट, मग घड्याळाची चाकं पेट्रोलमध्ये धुऊन कागदावर मांडायची. महिना पाचशे रुपये.

काकांच्या मनगटावर घड्याळ नसे. कोणी विचारलं तर म्हणत, "हलवायाच्या तोंडात बर्फी बघितलीस कधी?" सकाळी नऊला आले की चावीची सगळी घड्याळं ते एकेक करून भरत. भरताना डोळे मिटलेले. घड्याळ बंद पडलं म्हटलेलं त्यांना खपत नसे. वसाहतीतली माणसं कामाची पाळी सुटली की मोटारसायकलवरून थेट यायची. कारखान्यातल्या वाफेने त्यांची घड्याळं काळी-हिरवी पडलेली. "काका, मेलं हे." काका ते कानाला लावत. "मेलं नाही. थांबलंय."

घड्याळ उघडं असलं की मे महिन्यातसुद्धा पंखा बंद. घामाचा थेंब पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधलेला. एकदा एक स्क्रू उडाला. मोहरीच्या पाव दाण्याएवढा. काका ओरडले, "हलू नका!" समोर एसटीचे एक कंडक्टर पट्टा घ्यायला आले होते, एक पाय पायरीवर, एक खाली. तसेच उभे.

"काका, गाडी लागलीय माझी. ड्रायव्हर हॉर्न देतोय."

"देऊ दे. चप्पल काढ. खिसे झटक. हळू, हळू रे!"

"अहो, पोलादपूरची पन्नास माणसं बसलीत!"

"त्यांना सांग, साळव्यांचा स्क्रू पडलाय."

स्क्रू कंडक्टरच्या बाहीच्या घडीत सापडला. काकांनी त्यांच्याकडून पट्ट्याचे पैसे घेतले नाहीत. पुढे एसटीची माणसं काकांना स्टँडवर बघितलं की लांबूनच खिसे झटकून दाखवायची.

हे सगळं लिहायला सोपं. पुढचं सांगायचं म्हणजे अजून हाताला घाम येतो.

एका वर्षी नवरात्राच्या आधी वसाहतीतल्या एका कारखान्याचे मोठे साहेब आले. सगळे त्यांना राजे साहेब म्हणत. त्यांनी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. परदेशातून आणलेलं, सव्वा लाखाचं. दिवसाला दहा मिनिटं मागे पडत होतं. कंपनीत दिलं तर तीन महिने लागले असते, आणि दिवाळीआधी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता. होणाऱ्या जावयाला ते स्वतःच्या हाताने घालायचं त्यांच्या मनात होतं.

काकांनी आधी हात धुतले. मग घड्याळाची पाठ उघडली आणि भिंग लावून वाकून बघितलं. मग मला म्हणाले, "चंद्रा, ये. भिंग लाव."

मी पहिल्यांदा भिंगातून बघितलं. आत एक गाव होतं. चाकं, खिळे, लाल खडे. मधोमध एक चाक श्वास घेतल्यासारखं इकडून तिकडे, तिकडून इकडे होत होतं.

"ते हलतंय ना, त्याच्या पोटात बघ. केसाएवढी तार गुंडाळलीय. ती बाल-कमान. हे घड्याळ चालतं ते तिच्यावर."

साहेब हसले. "साळवी, एवढ्याशा डबीला सव्वा लाख का, ते मलाही सांगा की. मी दिलेत, पण मला माहीत नाही."

काकांनी चिमट्याने एक पट्टी उचलून उलटी केली. "ही खालची बाजू बघा. ही कोणाला दिसणार नाही. तुम्हाला नाही, तुमच्या जावयाला नाही. मला दिसली ती आज, पुढे दिसेल ती पुढच्या कारागिराला. तरी हिच्या कडा घासून आरशासारख्या केल्यात. या चाकाला दात किती ते मोजा. एकेक दात लाकडाने घासलाय. घासणारा माणूस आधी पाच-सात वर्षं नुसता शिकलाय, त्या वर्षांचा पगार कोणी तरी भरलाय. शंभर पट्ट्या केल्या तर दहा टाकून दिल्यात."

"म्हणजे सव्वा लाख रास्त?"

"निम्मे रास्त," काका म्हणाले. "उरलेले नावाचे, जाहिरातीचे आणि दुकानातल्या गार हवेचे. ते मी लपवणार नाही."

साहेबांना ते आवडलं. त्यांच्या भावालाही असंच एक घ्यायचं होतं. घ्यायचं कसं, विचारलं. काकांनी काम करता करताच सांगितलं. मी चाकं पुसत ऐकत होते, म्हणून लक्षात आहे. आधी तबकडी बघू नका, पाठ बघा. चावी दोन बोटांनी फिरवा, ती लोण्यात फिरल्यासारखी लागली पाहिजे. खडखडली तर ठेवून द्या. कानाला लावा, आवाज एकसारखा हवा. मनगटावर घालून हात दहा वेळा खालीवर करा. घातलंय हे विसरायला झालं तर ते तुमचं. मोटारसायकलवर घाट चढणाऱ्याने असलं घेऊ नये, धक्के बसतात. ते विकणाऱ्याला एकच विचारा, चार-पाच वर्षांनी साफ कोण करणार आणि त्याचे किती घेणार. तो अडखळला तर बाहेर पडा.

"आणि वेळ बरोबर दाखवतं का, ते?" साहेबांनी विचारलं.

"वेळ बरोबर हवी तर दोनशे रुपयांचं सेलचं घ्या. ते याच्यापेक्षा बरोबर चालतं."

साहेब मोठ्याने हसले. त्यांची गाडी गेली. काकांनी सगळं खोललं, धुतलं, तेल दिलं, पुन्हा जोडलं. सहा दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. खंडेनवमीला सकाळी घड्याळाचं यंत्र चालू करून काचेच्या झाकणाखाली ठेवलं. "दोन दिवस असंच चालू दे," म्हणाले. "मग घड्याळाच्या डबीत बसवू." आणि नैवेद्याला घरी गेले.

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. कापड्याला माझा बाप कोयता, विळा, नांगराचा फाळ सगळं धुऊन ओळीने मांडायचा. हळदकुंकू लावायचं काम माझं. दुकानातही दर वर्षी मीच लावायची. चिमटे, पेचकस, भिंग, रबरी फुगा सगळं पुसलं, पाटावर मांडलं, एकेकाला बोट टेकवलं. मग बघितलं तर काचेखाली ते यंत्र. सगळ्यांत शहाणं तेच, आणि त्यालाच काही नाही. मला ते बरं वाटलं नाही.

मी झाकण उचललं. अनामिकेवर ओली हळद घेतली, त्यावर कुंकू. पट्टीच्या अगदी कडेला, दिसेल न दिसेल एवढं टेकवलं आणि नमस्कार केला.

कुंकवाचे चार कण घरंगळले. ते हलणारं चाक जड झालं. इकडून तिकडे जायचं ते मध्येच रेंगाळलं. फुगा समोर होता. त्याने वारा मारला असता तरी निभावलं असतं. पण मी पदराचं टोक घेतलं आणि टिपायला गेले. पदराचा एक धागा आत अडकला. मी ओढला. केसाएवढी तार त्या धाग्याबरोबर वर आली, वाकडी, शेवयीसारखी. चाक थांबलं.

मी धागा तोडला. झाकण ठेवलं. दुकान बंद केलं आणि किल्ली काकूंच्या हातात दिली. काकूंनी पुरणपोळी दिली. मी घेतली आणि घरी आले.

दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन त्यांच्या घरी गेले. काका खुशीत होते. माझ्या हातावर पान ठेवून म्हणाले, "परवा साहेबांचं काम हातावेगळं. मग तुला एक दिवस सुट्टी, जा कापड्याला." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. तिथेच सांगायला हवं होतं. कपाळ जमिनीला टेकलेलं असताना ओठ उघडले होते, पण आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या आधी दुकानात जाऊन उभी राहिले. काका आले. हात धुतले. झाकण उचललं. भिंग लावलं. मग भिंग काढून नाक यंत्राजवळ नेलं आणि वास घेतला.

"ही हळद हाय," काका म्हणाले. महाडच्या बोलीत बोलायचे ते फार रागात किंवा फार दुःखात.

"मी लावली काका."

"कशाला गो?"

"पुजलं."

त्यांनी डोळे मिटले. पंच्याने तोंड पुसलं. मला वाटलं आता हाकलतील. पण ते चिमट्याने तार सोडवायला बसले. तासभर बसले. शेवटी तार मुळाशीच तुटली. चिमटा खाली ठेवताना मला दिसलं, त्यांचा उजवा हात थरथरत होता. आधीही थोडा थरथरायचा. माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

आणि त्याच वेळी दारात राजे साहेबांची गाडी थांबली.

मी मागे पडद्याआड गेले. तिथून मला काकांची पाठ दिसत होती.

"साळवी, म्हटलं जाता जाता बघावं. चालू झालं?"

"झालं होतं साहेब. काल-परवा माझ्या हातून बाल-कमान तुटली."

साहेबांनी काचेच्या झाकणाकडे बघितलं. मग म्हणाले, "तुमच्या हातून?"

"माझ्या."

"बावीस वर्षं कोटात काम केलं म्हणता ना? सव्वा लाखाची वस्तू विश्वासाने दिली मी. दहा दिवसांवर साखरपुडा आहे. आता मी काय घालू त्या मुलाला, ही डबी?"

"साखरपुड्याच्या दोन दिवस आधी चालू घड्याळ तुमच्या हातात देतो. भागाचे पैसे माझे. मजुरी नको."

"आणि नाही झालं तर?"

"तर घड्याळाची पूर्ण किंमत देईन. लिहून घ्या."

साहेबांनी खरंच लिहून घेतलं. काकांनी पावतीपुस्तकातली पावती फाडली, तिच्या मागे लिहिलं आणि सही केली. ते सगळं दुकान, फळी, हत्यारं विकली तरी सव्वा लाख झाले नसते. पडदा माझ्या तोंडाजवळ होता. एक पाऊल पुढे टाकून "मी केलं" म्हणायचं होतं. पाय उचलले नाहीत. ही लाज आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. वहीला सांगते.

काका दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मुंबईला गेले. कोटातल्या त्यांच्या जुन्या जोडीदाराकडे त्याच जातीचं चाक कमानीसकट होतं. किंमत नऊ हजार सहाशे. जोडीदार मित्र खरा, पण फुकट कुठून देणार? काकांच्या उस्तादांनी त्यांना एक चांदीचं खिशातलं घड्याळ दिलं होतं. ते कधी वापरत नसत, दर रविवारी नुसतं भरायचे. परत आले तेव्हा ते घड्याळ नव्हतं. मला हे काकूंनी सांगितलं.

बसवायच्या दिवशी काकांनी काकूंना दुकानात बोलावलं. त्या कधी यायच्या नाहीत. पंखा बंद. दार ओढून घेतलेलं, फटीतून ऊन. काकांनी चिमट्यात नवं चाक उचललं आणि हात थरथरला. खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा थरथरला. कमान चाकाखाली लोंबत होती. एक धक्का आणि नऊ हजार सहाशे गेले, त्यामागून सव्वा लाख.

"चंद्रा, माझं मनगट धर. टेबलावर दाबून धर. बोटं मोकळी सोड."

मी परक्या पुरुषाच्या हाताला कधी हात लावला नव्हता. मी काकूंकडे बघितलं.

"धर गो!" काकू म्हणाल्या. "लाजतेस कसली? मी हाय ना हितं."

मी दोन्ही हातांनी धरलं. काकांचं मनगट गरम होतं, आणि आत नस उड्या मारत होती. मी भात झोडताना पेंढी धरावी तसं दाबलं.

"एवढं नको. कमी. अजून कमी. आता राहा."

चाक खाली उतरू लागलं. काकांनी श्वास धरला, मीही धरला. बाहेर एसटीचा भोंगा वाजला. टेबल हललं. काकांची बोटं थांबली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मग पुन्हा, तांदळाच्या दाण्याएवढं, अर्ध्या दाण्याएवढं. कुठे तरी आत काही तरी बसल्याचं मला त्यांच्या मनगटातूनच कळलं. त्यांनी चिमटा उघडला.

चाक आपसूक हललं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

काका म्हणाले, "सोड आता. हात काळा-निळा केलास."

ठरल्या दिवशी साहेब आले, त्यांनी घड्याळ कानाला लावलं, लिहून घेतलेला कागद परत दिला. काकांनी तो फाडला नाही, पावतीपुस्तकात होता त्या जागी ठेवला. साहेब गेल्यावर मी म्हणाले, "काका, ते पैसे मी देणार."

मला वाटलं, नको म्हणतील. ते म्हणाले, "दे. पण पगारातून कापायचं नाव काढू नकोस. पगार कामाचा आहे. तू वेगळे आणून दे, जसे जमतील तसे."

मी नाचणीचे पापड लाटून विकले. एप्रिलमध्ये कुडपणला मावशीकडे जाऊन करवंदं, आंबोशी आणली आणि स्टँडवर विकली. कधी महिन्याला दीडशे, कधी पन्नास, आमच्या ह्यांचं काम सुटलं तेव्हा वर्षभर काहीच नाही. काका नोटा मोजून घेत आणि वहीत लिहीत. एकदा काकू चिडल्या, "अहो, सोडा की तिचे! पापड लाटून लाटून हाताला घट्टे पडलेत तिच्या."

"तिचं काम आहे," काका म्हणाले. "मी मध्ये पडून अर्धं सोडायला सांगू? मग ती उद्या माझ्याकडे मान वर करून बघेल?"

मी आत जाऊन रडले, पण दुःखाने नाही. पापड लाटताना त्या तारेचा विचार करायचे. केसाएवढ्या वस्तूला इतके पैसे का, हे साहेबांना काकांनी तोंडी सांगितलं होतं. मला ते एकेक पापड लाटून कळलं. कुठे तरी लांब कोणी तरी बाई-माणूस वाकून, श्वास धरून ती तार गुंडाळत असेल. तिच्याही घरी चूल असेल.

काकांचा हात फार थरथरायला लागला, मग डोळे गेले. काकांनी दुकान बंद केलं. हत्यारं पुसून डब्यात घातली आणि चिमटा तेवढा मला दिला. मी दुसरीकडे कामाला लागले. पैसे द्यायला मात्र घरी जात राहिले. नऊ वर्षं झाली.

शेवटचे दोनशे दहा घेऊन गेले त्या दुपारी काका पडवीत खुर्चीवर बसले होते. डोळ्यांवर काळा चष्मा. भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळाकडे तोंड केलेलं, ऐकत होते.

"कोण? चंद्रा? हळू चाललीस, म्हणजे शेवटचे आणलेस."

मी नोटा त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या बोटांनी चाचपल्या. शंभराची, पुन्हा शंभराची, दहाची. पुन्हा मोजल्या. पूर्वी स्क्रू मोजायचे तसंच.

"अगं, पावतीपुस्तक आण," काकूंना म्हणाले.

काकूंनी जुनं पुस्तक आणून पेन त्यांच्या बोटांत दिलं. काका डोळे नसताना लिहीत होते. मी मदतीला मनगटाकडे हात नेला, त्यांनी मान हलवली. नावाच्या जागी माझं नाव लिहिलं, पूर्ण, सासरच्या आडनावासकट. रकमेच्या जागी नऊ हजार सहाशे. अक्षर ओळ सोडून खाली उतरत गेलं, माझ्यासारखंच. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पावतीवर ते शेवटी लिहायचे तेच लिहिलं, काम पूर्ण, पैसे पोहोचले. सही कागदाबाहेर गेली.

पावती फाडून त्यांनी माझ्या दिशेला धरली. नोटा खिशात ठेवल्या आणि वरून हाताने दाबल्या.

"बरोबर भरले, चंद्रा," ते म्हणाले. "एक रुपया कमी नाय."